अर्ध्या तासाचे आप्पा

आप्पांच्या हिशेबात कुठलंही काम अर्ध्या तासाचं असतं. 'येथे कचरा टाकू नये' हा दोन बाय तीनचा बोर्ड अर्ध्या तासाचा आणि दहा बाय वीसचा वाढदिवसाचा फ्लेक्सही अर्ध्या तासाचाच. अॅक्रिलिकची अक्षरं कापायची, घासायची, चिकटवायची, आत एलईडी बसवायचे आणि तो सगळा संसार पहिल्या मजल्याच्या गॅलरीला टांगायचा असला, तरी आप्पा पेन्सिल कानामागे खोचत गिऱ्हाइकाला सांगतात, "तसं अर्ध्या तासाचं काम आहे. पण तुम्ही संध्याकाळी या." त्या 'पण'मध्ये आपण भरपूर मोकळीक दिली, असं आप्पांचं प्रामाणिक मत आहे. ती नक्की कुणाला दिली, हे आत मशीनवर बसलेल्यांना अजून कळलेलं नाही.

लालबागच्या एका गल्लीत त्यांचं दुकान आहे. बोर्ड, बॅनर, फ्लेक्स, नंबरप्लेट, नावाच्या पाट्या, 'सर्व प्रकारची कामे वेळेवर करून मिळतील'. यातलं शेवटचं वाक्यही त्यांच्या बोर्डावरच आहे, ते मी मनाचं घातलेलं नाही. मी त्या दुकानात शुद्धलेखनाच्या खात्यावर असतो. पगार नाही, चहा आहे. मजकूर छापायला जाण्याआधी मी वाचायचा आणि छापून झाल्यावर चूक निघाली तर माझ्याकडे सगळ्यांनी बघायचं, असं साधारण कामाचं स्वरूप.

आप्पा मूळचे पेंटर. साताऱ्याकडून पोरवयात गिरणगावात आले आणि एका पेंटरच्या हाताखाली डबे धुवायला लागले. मग ट्रकचे फाळके, दुकानांच्या पाट्या, मंडळांचे कापडी बॅनर. आजही खडूची दोरी एकदा फटकारून मारली की त्या रेषेखाली 'श्री' असा काही उतरवतात की बघणाऱ्याने ब्रशकडे बघावं की हाताकडे, कळत नाही. त्या काळात पाटीला चार दिवस लागायचे. पहिल्या दिवशी पत्रा पॉलिश पेपरने घासून प्रायमर, दुसऱ्या दिवशी जमिनीचा रंग, तिसऱ्या दिवशी अक्षरं, चौथ्या दिवशी शेड. पाऊस असला तर दुकानदार विचारायचाही नाही. विचारलंच कुणी, तर पेंटरकडे एकच उत्तर असायचं, "वाळलं नाही अजून." या उत्तरावर जगात कुणाकडेही प्रतिप्रश्न नव्हता. पेंटर समोरच्या हॉटेलात बसून भजी खात हे उत्तर द्यायचा आणि दुकानदार त्याला आणखी एक चहा पाठवायचा.

मग फ्लेक्स आला. भले भले पेंटर घरी बसले. आप्पा बसले नाहीत. गावची थोडी जमीन आणि बँकेचं बरंच कर्ज घालून त्यांनी दहा फुटी मशीन घेतलं. मशीन विकायला आलेल्या टायवाल्याने त्यांच्यापुढे एक चकचकीत माहितीपत्रक ठेवलं. त्यात एक आकडा होता, तासाला हजार चौरस फूट. आप्पांनी त्या पत्रकावरचं बाकी काही वाचलं नाही. तो वेग दोन पासचा, म्हणजे डोक्यावरून हात फिरवल्यासारख्या छपाईचा असतो आणि चार पासने नीट छापायचं तर तो निम्म्यावर येतो, हे खाली बारीक अक्षरात होतं. आयुष्यभर फूटभर अक्षरं काढलेल्या माणसाने बारीक अक्षर का वाचावं? त्यांनी तिथल्या तिथे गणित केलं. दहा बाय वीस म्हणजे दोनशे चौरस फूट, म्हणजे बारा मिनिटं. माणसं आहेत, हात-पाय हलवायला वेळ लागतो, म्हणून अठरा मिनिटं वर. झाला अर्धा तास. आप्पांचा अर्धा तास हा असा उगम पावला. त्यात दया धरलेली आहे, हे विसरू नका. आप्पा तर विसरूच देत नाहीत.

आता तो अर्धा तास प्रत्यक्षात कसा जातो, ते एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवरून सांगतो.

गिऱ्हाईक म्हणजे विभागातला उत्साही कार्यकर्ता. साहेबांचा वाढदिवस उद्या. तो फोटो आणतो, म्हणजे व्हॉट्सअॅपवर पाठवतो, म्हणजे कुणी तरी कुणाला पाठवलेला, त्याने कुणाला पाठवलेला, असा पाच मोबाइलांतून गाळून आलेला फोटो डिझायनर पोरीच्या हाती पडतो. तो टिकलीएवढ्या आकारात बरा दिसतो. चार फुटांवर ताणला की साहेबांच्या नाकाच्या जागी तीन चौकोन दिसतात. ती म्हणते, "आप्पा, मोठा फोटो मागवा." आप्पा म्हणतात, "तू कर ना त्याला क्लिअर. कॉम्प्युटर कशाला घेऊन दिलाय?"

मग शुभेच्छुक. साहेब मोठे, वर. त्यांचे साहेब त्याहून मोठे, पण कोपऱ्यात गोलात. खाली तीन ओळींत कार्यकर्ते. प्रत्येक डोकं मागच्या भिंतीपासून, शेजारच्या मेव्हण्यापासून, कधी लग्नातल्या मुंडावळ्यांपासून कापून वेगळं काढायचं. केस हे या कामातलं सगळ्यात वेळखाऊ प्रकरण, म्हणून टकल्या कार्यकर्त्यांबद्दल त्या पोरीच्या मनात विशेष आदर आहे. सगळी डोकी एका मापाची हवीत, कारण एकाचं अर्धा इंच मोठं झालं तर प्रकरण शाखेत जातं. हे सगळं जुळवून झालं की फोन येतो, "एक फोटो राहिला. मधल्या ओळीत, डावीकडून तिसरा टाका." डावीकडून तिसरा टाकायचा म्हणजे आधीच्या तिसऱ्यापासून सगळे एकेक घर सरकवायचे आणि उजवीकडच्या शेवटच्याला खालच्या ओळीत उतरवायचं. तो उतरला की त्याचाही फोन येतो.

यातल्या प्रत्येक टप्प्यावर आप्पा काचेच्या दारातून डोकं आत घालतात आणि विचारतात, "झालं का?"

फ्लेक्स माझ्याकडे येतो. मी 'हार्दीक'ची दुसरी वेलांटी पहिली करतो. कार्यकर्ता म्हणतो, "नाही, दुसरीच ठेवा, मागच्या वर्षीही तशीच होती. साहेबांना आवडली होती." मी 'शुभेच्छूक' कडे वळतो. "झालं का?" आप्पा विचारतात.

मग मशीन. मशीन सुरू करायच्या आधी नोझल तपासावे लागतात. कागदावर रेघांची जाळी काढून बघायची, कुठल्या रंगाच्या रेघा तुटल्यात ते पाहायचं, हेड साफ करायचं, पुन्हा जाळी काढायची. ऑपरेटर हे करत असताना मशीन छापत नसतं, त्यामुळे आप्पांच्या दृष्टीने तो बसलेला असतो. एकदा घाईने हे गाळलं. पिवळा रंग अर्धा बंद होता. साहेब वीस फूट लांबीभर गुलाबी उतरले. हेही एक वेळ खपलं असतं, पण त्यांच्या कपाळावरचा गंध जांभळा झाला होता. दुसऱ्यांदा छापावं लागलं. गेलेला फ्लेक्स आप्पांनी दुकानाच्या मागच्या गळक्या छपरावर टाकला. आजही पहिल्या मजल्यावरून बघितलं तर गुलाबी साहेब नमस्कार करताना दिसतात.

छापून आलेला फ्लेक्स ओला असतो. लगेच गुंडाळला तर शाई पाठीला चिकटते आणि उलगडताना साहेबांचा गाल पाठीमागे राहतो. म्हणून तो पसरून ठेवायचा, कडा दुमडून चिकटवायच्या, कोपऱ्यांना आयलेट मारायचे. व्हिनाइल असेल आणि त्यावर लॅमिनेशन करायचं असेल तर शाईतलं द्रावण उडून जायला चांगला एक दिवस थांबावं लागतं, नाही तर आत बुडबुडे येतात आणि काही दिवसांनी कडा सुटतात. हे ऑपरेटरने सांगितलं तेव्हा आप्पा म्हणाले, "पंखा लाव." अक्षरांमागचं सिलिकॉन पक्कं व्हायला चोवीस तास लागतात, हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "ड्रायर मार." उभा जन्म ब्रश हातात धरून ज्या माणसाने 'वाळलं नाही' या दोन शब्दांवर संसार केला, त्याचं हे बोलणं आहे. ड्रायर मारला. दुसऱ्या दिवशी दुकानदाराचा फोन आला की 'स्वीट मार्ट' मधला 'स्वी' गेला आणि लोक येऊन भलतंच काही विचारतायत.

इथे कामगारांची बाजूही सांगितली पाहिजे. ते काही साधुसंत नाहीत. आप्पांच्या अर्ध्या तासावर त्यांनी काही महिन्यांतच तोडगा काढला. कुठल्याही कामाला "दोन तास" म्हणायचं. आप्पांच्याही हे लक्षात आलं आणि ते प्रत्येक उत्तराला चाराने भागायला लागले. हिशेब पुन्हा अर्ध्या तासावर आला. खरोखर दोन तास लागणाऱ्या कामाला आता काय म्हणायचं, हा गुंता मात्र राहिला, कारण आठ तास म्हटलं तर गिऱ्हाईक पळतं. शिवाय आप्पांची चाहूल लागली की मोबाइल खाली आणि फडकं हातात, ही विद्या तिथे नवीन पोरगाही आठवड्यात शिकतो. आप्पांना हलणारे हात दिसले की समाधान असतं. ओला फ्लेक्स वाळताना कुणाचेच हात हलत नाहीत, म्हणून त्या वेळेला ऑपरेटर आधीच साफ असलेलं मशीन पुन्हा पुसतो.

दुकानात एकच माणूस आहे ज्याला आप्पा 'कधी होईल' विचारत नाहीत. फिटर मामा. मामांना विचारलं की ते तोंडातला तंबाखू गालाच्या दुसऱ्या बाजूला नेतात आणि म्हणतात, "बघू." त्यानंतर ते तीन गोष्टी विचारतात. भिंत कसली? वीज कुठून घ्यायची? शिडी कुणाची? विटांच्या भिंतीला आठ भोकं पाडायला जेवढा वेळ लागतो तेवढा ग्रॅनाइटला दोन भोकांना लागतो, आणि फरशीला तडा गेला तर संध्याकाळपर्यंत मालकाशी भांडण्यात जातो. शिडी सोसायटीची असेल तर सेक्रेटरी दुपारी झोपतो, तो उठेपर्यंत थांबणं आलं. हे सगळं विचारून झाल्यावर मामा पुन्हा म्हणतात, "बघू." आप्पा तळमळतात, "अरे, चार स्क्रू तर मारायचेत!" मामा जातात आणि त्यांना जेव्हा यायचं असतं तेव्हा येतात. पण त्यांनी लावलेला बोर्ड पडलेला कुणी पाहिला नाही.

आप्पांच्या अर्ध्या तासाची खरी परीक्षा झाली ती २०२३ साली. दुकानांवर मराठी पाट्या हव्यात हा कायदा आधीचाच. २०१७ चा दुकाने आणि आस्थापनांचा कायदा आहे, त्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही तो नियम लागू झाला. नाव देवनागरीत हवं आणि मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्याही लिपीपेक्षा लहान नको. व्यापारी कोर्टात गेले. २५ सप्टेंबरला, ऐन गणपतीत, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दसरा-दिवाळी तोंडावर आहे, दोन महिन्यांत पाट्या लावा. तरी लालबाग निवांत होतं. विसर्जन झालं, दसरा झाला, दिवाळी झाली. दिवाळीचे पाहुणे आपापल्या गावी गेल्यावर सगळ्यांना एकदम आठवण झाली की २५ नोव्हेंबर आला, आणि महापालिकेचा दंड कामगारामागे दोन हजार रुपये आहे.

आप्पांच्या दारात रांग लागली. आप्पांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे तेज होतं ते मी त्याआधी फक्त मंडळाची वर्गणी अपेक्षेपेक्षा जास्त जमल्यावर पाहिलं होतं. प्रत्येकाला एकच उत्तर, "मराठी अक्षरं तर लावायचीत. अर्धा तास."

आणि इथेच देवनागरीने आप्पांना गाठलं. आप्पा भाव आणि वेळ दोन्ही चौरस फुटांवर काढतात. पण अक्षर कापायचं यंत्र चौरस फूट बघत नाही, ते अक्षराच्या काठाकाठाने फिरतं. इंग्रजी 'आय' म्हणजे एक दांडा. काठ चार, काम खलास. तेवढ्याच जागेत 'क्ष' बसवा. गाठी, वेटोळी, आतली पोकळी, वर शिरोरेघ. उकार लोंबतोय, रफार उडतोय, अनुस्वार तर कशालाच चिकटलेला नाही, त्याला वेगळा स्क्रू, वेगळा एलईडी, वेगळी वायर. काठाची लांबी दुप्पट-तिप्पट, आणि त्या काठाला बाजूची पट्टी वाकवून लावायची ती हाताने. व्हिनाइलचं तर विचारू नका. प्लॉटर कापून देतो, पण अक्षरांमधला नको असलेला भाग चिमट्याने उपटून काढावा लागतो आणि जोडाक्षराच्या बगलेतला कपटा काढताना अक्षरच उठून येतं. 'अंबिका' नावाच्या दुकानाची पाटी तयार झाली तेव्हा अनुस्वारच नव्हता. सगळ्यांनी जमीन शोधली. टिंब शेवटी ऑपरेटरच्या कोपराला चिकटलेलं सापडलं. तो ते घेऊन दुपारभर हिंडत होता.

एका बारमालकाचं प्रकरण त्याहून अवघड. त्याच दुरुस्तीत असंही आहे की जिथे दारू मिळते त्या जागेला थोर पुरुषांचं किंवा गडकिल्ल्यांचं नाव द्यायचं नाही. याच्या बारला एका किल्ल्याचं नाव. त्याला नुसती लिपी बदलून चालणार नव्हतं, नावच बदलायचं होतं. तो आप्पांच्या टेबलाशी बसून नाव सुचवा म्हणाला. आप्पांनी मला बोलावलं. दोन तास तिघे नाव शोधत होतो. या दोन तासांत आतून कुणीही येऊन 'झालं का' असं विचारलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो.

त्या आठवड्यात पोरं रात्री दोन-दोनपर्यंत थांबली. हा कायदा आप्पांना पाठ झाला होता, पण पाटीपुरताच. त्याच कायद्यात दिवसाला नऊ तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट पगार असंही तेव्हा लिहिलेलं होतं, हे डिझायनर पोरीने मोबाइलवर दाखवलं. आप्पांनी चष्मा लावून वाचलं आणि निर्विकारपणे म्हणाले, "ते दहा माणसांपासून वर. आपण नऊ आहोत." मशीनशी उभ्या असलेल्या दहाव्याकडे सगळ्यांनी बघितलं. "तो पाहुणा आहे," आप्पा म्हणाले. पाहुणा चार वर्षं तिथेच आहे. आप्पा त्याला दिवाळीला बोनस देतात, तोही पाहुणचार म्हणून.

हा सगळा गोंधळ संपल्यावर आप्पांचा पुतण्या आला. प्रॉडक्शन इंजिनिअर. नोकरी लागेपर्यंत काकांचं दुकान सुधारावं या विचाराने तो मोबाइलवरचं स्टॉपवॉच घेऊन मशीनमागे उभा राहिला. पोरं बिचकली. आप्पा खूश झाले. त्यांना वाटलं, आता पुतण्या आळशी लोकांची यादी देणार. पुतण्याने पहिल्या दिवशी काकांना टेलरची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला इंजिनिअर, फ्रेडरिक टेलर, त्याने १९११ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. पोलादाच्या कारखान्यात कच्च्या लोखंडाच्या लाद्या उचलणारा माणूस दिवसाला साडेबारा टन उचलायचा, टेलरने त्याच्याकडून साडेसत्तेचाळीस टन उचलून घेतले.

"शाबास!" आप्पा म्हणाले. "हा आपला माणूस."

"त्याबद्दल त्याची मजुरी एक डॉलर पंधरा सेंट होती ती एक डॉलर पंच्याऐंशी सेंट केली. म्हणजे साठ टक्के वाढ."

आप्पांनी टेलरबद्दल पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने वेळ कशी ठरवतात ते समजावलं. आधी प्रत्यक्ष घड्याळ लावून मोजायचं, एकदा नाही, अनेकदा. चपळ माणूस असेल तर त्याप्रमाणे, मंद असेल तर त्याप्रमाणे आकडा दुरुस्त करायचा. मग त्यावर सूट धरायची. पाणी प्यायला, लघवीला जायला पाच टक्के. थकव्याला चार टक्के. मशीन बंद पडण्याला वेगळी.

"थांब," आप्पा म्हणाले. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून फ्लेक्सच्या कातरणावर हिशेब केला. "आठ तासांचे पाच टक्के म्हणजे चोवीस मिनिटं. चोवीस मिनिटं लघवीला?"

"दिवसभरात, काका."

"आम्ही परळला एका गिरणीची अख्खी भिंत रंगवली. परांचीवर उभं राहून. दिवसभरात एकदा खाली उतरलो."

"आणि चहाला?"

"चहा वर यायचा."

दोन आठवडे मोजमाप चाललं. निकाल पुतण्याने एका कागदावर मांडला आणि मी तो पाहिला म्हणून सांगतो. दोनशे चौरस फुटांचा फ्लेक्स, नीट छापायचा तर मशीनवर साधारण पंचवीस मिनिटं. आप्पांनी मांडी थोपटली, "मी काय सांगत होतो?" पण फाइल हातात पडल्यापासून आयलेट मारून होईपर्यंतचा वेळ दिवसाच्या निम्म्याहून जास्त. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा कुणाच्याच आळसाचा नव्हता. गिऱ्हाईक प्रूफ बघून 'ओके' म्हणेपर्यंत जो वेळ जातो, तो होता. ज्याला फ्लेक्स तातडीने हवा असतो तो प्रूफ पाठवल्यावर फोन उचलत नाही, हा बहुधा निसर्गनियमच असावा. त्याखालोखाल वाळण्याचा वेळ. आणि तिसरा तुकडा पुतण्याने लाल शाईने लिहिला होता. त्याचं शीर्षक होतं 'झालं का'. आप्पांनी डोकं आत घातलं की डिझायनर हात थांबवते, मान वळवते, "होतंय आप्पा" म्हणते, आणि साहेबांच्या केसांत पुन्हा कुठे होतो ते शोधते. ऑपरेटर हेड तपासताना मोजणी विसरतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. एका प्रश्नाला काही फार वेळ लागत नाही. पण आप्पा तो प्रश्न एकदा थोडाच विचारतात?

आप्पा बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मला वाटलं, आता भडकतील. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला हे सांगायचं म्हटलं तर समोरच्या दुकानात जाईल. त्याने पंधरा मिनिटं सांगायला सुरुवात केलीये." यात तथ्य आहे. लोकांना खरी वेळ ऐकायचीच नसते. संध्याकाळी मिळेल असं खोटं ऐकून दुसऱ्या दिवशी दुपारी भांडायला येणं त्यांना परवा मिळेल असं खरं ऐकण्यापेक्षा आवडतं. आप्पा लोकांची ही गरज भागवतात, एवढंच.

पण पुतण्याने वाद घातला नाही. त्याने कागदावर दोन रकाने पाडले. पहिला, हात लागण्याचा वेळ. दुसरा, हात न लावण्याचा वेळ. प्रूफ, वाळणं, सिलिकॉन, लॅमिनेशन सगळं दुसऱ्यात. म्हणाला, पहिल्या रकान्याचा जाब माणसांना विचारा, दुसऱ्याचा कुणालाच नाही. आणि मग तो जे बोलला ते इंजिनिअरिंगला शिकवत नसावेत. "काका, हा तक्ता छापायचा नाही. तुम्ही तुमच्या हाताने रंगवायचा. पत्र्यावर."

आप्पांनी लगेच "अर्ध्या..." एवढंच म्हटलं आणि थांबले.

मग त्यांनी माळ्यावरून डबे काढले. ब्रश निघाले, काही कडक झालेले, काही अजून शाबूत. पत्रा घासायला एक दिवस गेला, कारण आप्पांच्या मते आधी घासणाऱ्याला घासताच येत नव्हतं. प्रायमर. मग हिरवी जमीन. खडूची दोरी. 'फ्लेक्स', 'व्हिनाइल', 'अक्षरे', 'फिटिंग'. फिटिंगच्या रकान्यात काय लिहायचं ते मामांना विचारलं. मामा म्हणाले, "बघू." आप्पांनी तेच लिहिलं, सुंदर वळणात, खाली पिवळी शेड देऊन. सबंध आठवडा दुकानाचा निम्मा दरवाजा त्या पत्र्याने अडवलेला होता. गिऱ्हाइकं आडवी होऊन आत यायची. गल्लीतले दोन म्हातारे पेंटर रोज संध्याकाळी येऊन मागे उभे राहायचे आणि 'श'च्या गाठीवर चर्चा करायचे. या आठवड्यात आतली कामं आश्चर्यकारक वेगाने होत होती, कारण काचेच्या दारातून कुणी डोकं घालत नव्हतं.

तक्ता पुरा झाला. खाली दोन बोटांची जागा उरली होती. रिकामी जागा आप्पांना बघवत नाही. पेंटरचा जीव तो. तिथे मंगलकलश काढावा की 'आपले स्वागत आहे' लिहावं, असं ते विचारात असताना डिझायनर पोरीने कागदाचा एक कपटा पुढे केला. आप्पांनी तो दूर धरून वाचला. "झालं का असे विचारल्यास प्रत्येक वेळी पाच मिनिटे जादा." ते पोरीकडे बघत राहिले. आत मशीन थांबलं होतं. पाहुणा फडकं घेऊन उभा होता. मग आप्पांनी कपटा माझ्याकडे दिला.

"'जादा' बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग लाल घेऊ. हिरव्यावर लाल उठत नाही, पांढरी कड लागेल."

त्यांनी ती ओळ रंगवली. शेवटच्या काना-मात्रेपर्यंत कुणी बोललं नाही. मग पोरीनेच, अगदी सरळ तोंडाने, विचारलं, "झालं का, आप्पा?"

"झालं कसलं? एनॅमल आहे," आप्पा ओरडले. "वाळायला नको? सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पंखासुद्धा बंद करा, धूळ बसते."